लॅपटॉप गेल्याचं दुःख नाही, पण...

म्हणजे दुःख आहेच! ५०-६० हजारांची वस्तू, ती पण बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढून घेऊन दिलेली. दार नुसतं ओढून मेसला जावं आणि परत येऊन बघावं तर टेबलावर फक्त चार्जर, याचं दुःख ज्याचं त्यालाच माहीत. मग सगळी विंग गोळा होते. कितीला घेतला होता? बिल आहे का? वॉरंटी संपली का? इन्शुरन्स होता का? रेक्टर सर येतात, वॉचमन काकांची उलटतपासणी होते, कोणीतरी पोलीस स्टेशनला सोबत जातो. पण एक प्रश्न सहसा कोणीच विचारत नाही. त्या लॅपटॉपच्या आत काय होतं, आणि ते कोणाकोणाचं होतं?

मित्रांनो, हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की कार्टून असलेल्या पानावर जायचं ते तुम्हाला ठरवता येईल. हॉस्टेलवरच्या आणि डिपार्टमेंटमधल्या प्रत्येक लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असलीच पाहिजे. आणि ही ज्याची त्याची खाजगी बाब नाही. का नाही, ते सांगतो.

आधी एक गैरसमज. "माझ्या लॅपटॉपला पासवर्ड आहे ना!" हे वाक्य ऐकलं की मला आपल्या प्रत्येक विंगमधला तो एक 'डॉक्टर' आठवतो. सबमिशनच्या आदल्या रात्री कोणाचं तरी विंडोज झोपतं. मग हा डॉक्टर येतो, उबुंटूचा पेनड्राइव्ह लावतो, त्यावरून मशीन चालू करतो आणि दहा मिनिटांत अख्खा प्रोजेक्ट रिपोर्ट दुसरीकडे कॉपी करून देतो. आपण त्याला कटिंग पाजतो, वर सामोसाही देतो. पण एक गोष्ट लक्षात आली का? त्याने आपला पासवर्ड विचारलाच नाही! त्याला तो लागलाच नाही. आणि मशीनच बंद पडलेलं असेल तर चार स्क्रू काढून डिस्क बाहेर काढायची, काही शे रुपयांच्या केसिंगमध्ये घालायची आणि दुसऱ्या लॅपटॉपला जोडायची. सगळ्या फाइल्स हजर. जे आपला डॉक्टर करतो ते चोराला, किंवा चोर ज्याला लॅपटॉप विकतो त्या माणसाला, का करता येऊ नये?

लॉगिनचा पासवर्ड म्हणजे गेटवरचा वॉचमन. गेटमधून येणाऱ्याला तो अडवतो. पण रात्री साडेदहानंतर हॉस्टेलमध्ये गेटमधूनच यावं लागतं असं ज्याला वाटतं, तो नक्की फर्स्ट इयरचा आहे. (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.)

एन्क्रिप्शनचं तसं नाही. तिथे कंपाउंड ओलांडून आत आलात तरी हाती फक्त कचरा लागतो. डिस्कवर जे काही लिहिलं जातं ते एका किल्लीने उलटंपालटं करूनच लिहिलं जातं, आणि वाचताना त्याच किल्लीने सरळ करून रॅममध्ये आणलं जातं. डिस्कवरचा डेटा कायम सांकेतिक स्वरूपातच राहतो. यासाठी आज बहुतेक ठिकाणी वापरतात ती 'एईएस' ही पद्धत. बेल्जियमच्या योआन डेमन आणि विन्सेंट रायमेन या दोघांनी ती तयार केली आणि २००१ मध्ये अमेरिकेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. किल्ली १२८ बिटची धरली तरी शक्य किल्ल्यांची संख्या ३४ वर ३७ शून्यं इतकी होते. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून बघणारं मशीन जरी कोणी बनवलं, तरी सगळ्या किल्ल्या लावून संपायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या कोट्यवधी पट वेळ लागेल. तेवढ्यात आपली शेवटची केटीसुद्धा निघालेली असेल!

यातली एक सुंदर गोष्ट इंजिनिअरिंगच्या मुलांना आवडावी. आपण टाइप करतो तो पासवर्ड ही डिस्कची खरी किल्ली नसतेच. खरी किल्ली मशीन स्वतः तयार करतं, आणि ती एका छोट्या पेटीत बंद करून ठेवतं. आपला पासवर्ड फक्त ती पेटी उघडतो. म्हणून पासवर्ड बदलला तरी सगळी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही, नुसतं पेटीचं कुलूप बदलतं. पण याचाच दुसरा अर्थ असा, की पेटीचं कुलूप तकलादू असेल तर आतल्या ३७ शून्यांचा काही उपयोग नाही. जन्मतारखेचा पासवर्ड ठेवला तर ३० वर्षांच्या मिळून तारखा होतात जेमतेम ११ हजार. मशीनला त्या तपासायला कितीसा वेळ? त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द ओळीने घ्या. लक्षातही राहतात आणि ओळखणाऱ्याच्या नाकी नऊ येतात.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. "पण माझ्या लॅपटॉपमध्ये लपवण्यासारखं आहे काय? दोन-चारशे गाणी, पिक्चर, आणि मागच्या तीन सेमच्या असाइनमेंट." हे सगळ्यात आवडतं उत्तर. जरा 'डाउनलोड्स'चं फोल्डर उघडून बघा राव! आधार कार्ड, पॅन कार्ड, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, स्कॉलरशिपसाठी स्कॅन केलेलं वडिलांचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र आणि बँकेचं पासबुक, आणि या सगळ्यांच्या शेजारी आपली सहीसुद्धा स्कॅन करून ठेवलेली. ज्याला दुसऱ्याच्या नावावर काही उद्योग करायचा असेल त्याला आपण कागदपत्रांचं आख्खं दप्तर लावून ठेवलंय. शिवाय ब्राउझरमध्ये मेल उघडंच. मेल हातात आलं की बाकीचे पासवर्ड 'विसरलो' म्हणून बदलून घेता येतात.

बरं, हे झालं आपलं स्वतःचं. वर्गाच्या सीआरकडे सगळ्यांचे मोबाइल नंबर, पत्ते आणि जन्मतारखा असतात. प्लेसमेंटचं काम बघणाऱ्या मुलाकडे अख्ख्या बॅचचे रेझ्युमे असतात. फेस्टच्या रजिस्ट्रेशनच्या याद्या, त्यात दुसऱ्या कॉलेजच्या मुलींचेही नंबर. ट्रिपचे फोटो, गॅदरिंगच्या तालमींचे व्हिडिओ, एखाद्या मैत्रिणीने विश्वासाने पाठवलेलं काहीतरी. यातलं 'माझं' किती? ज्यांचं आहे त्यांना कोणी विचारलं होतं का, की बाबांनो, तुमचा नंबर आणि फोटो मी उघड्या डिस्कवर ठेवू का? लॅपटॉप आपला जातो, पण त्रास त्यांना होतो. एखाद्या मुलीला अनोळखी नंबरवरून फोन यायला लागले तर तिला हेही कळणार नाही की आपला नंबर गेला कुठून. म्हणून मी म्हणतो की ही खाजगी बाब नाही.

यावर हुशार लोकांचा प्रतिवाद तयार असतो. "अरे, चोराला लॅपटॉप विकायचा असतो. तो फॉरमॅट मारतो आणि मोकळा होतो. डेटा बघायला वेळ कोणाला?" खरं आहे. बहुतेक वेळा असंच होत असावं. पण 'बहुतेक वेळा' या शब्दांवर किती लोकांना झोपवायचं? या बाबतीतली दोन जुनी प्रकरणं मला फार बोलकी वाटतात.

पहिलं एका विद्यापीठाचंच. मार्च २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या ऑफिसमधून एक लॅपटॉप चोरीला गेला. त्यात सुमारे ९८ हजार आजी-माजी विद्यार्थ्यांची आणि अर्जदारांची माहिती होती, एन्क्रिप्ट न केलेली. पुढे त्याच वर्षी लॅपटॉप सापडला. पण तोवर त्यावर नवीन ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेली होती, त्यामुळे आधी कोणी फाइल्स उघडून पाहिल्या की नाही हे सांगता येईना. म्हणजे चोराने डेटाकडे ढुंकूनही पाहिलं नसेल. तरी विद्यापीठाला त्या ९८ हजार लोकांना कळवण्याच्या मागे लागावं लागलं.

दुसरं त्याहून मोठं. मे २००६ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरी चोरी झाली. लॅपटॉप आणि बाहेरून जोडायची हार्ड डिस्क गेली. त्यात सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा आणि ओळख क्रमांक. जूनअखेर दोन्ही वस्तू परत मिळाल्या. तपास करणाऱ्या एफबीआयचं मत पडलं की डेटा कोणी पाहिलेला दिसत नाही. तरीही खटले झाले आणि २००९ मध्ये सरकारला २ कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. त्या जूनमध्येच सरकारने आपल्या सगळ्या खात्यांना सूचना केली की फिरत्या संगणकांवरचा डेटा एन्क्रिप्ट करा. बैल गेला आणि झोपा केला, ते काय फक्त आपल्याकडेच होतं?

या दोन्ही गोष्टींत चोर डेटाच्या मागे नव्हता असंच धरू. मग नुकसान कशाने झालं? 'माहीत नाही' या दोन शब्दांनी. उघडी डिस्क एकदा नजरेआड झाली की तिचं काय झालं हे छातीठोकपणे सांगताच येत नाही. आणि एन्क्रिप्शनचा खरा फायदा माझ्या मते हाच आहे. लॅपटॉप गेला तरी ज्यांची माहिती आपल्याकडे होती त्यांना आपण सांगू शकतो, 'बंद मशीन गेलं, डिस्क एन्क्रिप्टेड होती, तुम्ही काळजी करू नका.' चोर साधा होता की शहाणा, याचा विचारच करावा लागत नाही. १ जुलै २००३ पासून लागू झालेला कॅलिफोर्नियाचा कायदा हेच ओळखून केलेला होता. माहिती चोरीला गेली तर संबंधितांना कळवा, पण हे बंधन एन्क्रिप्ट न केलेल्या माहितीसाठी!

आता राहिलेल्या शंका. "लॅपटॉप स्लो होईल." हे पूर्वी खरं होतं. पण २०१० पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी वेगळ्या सूचना आल्या आणि आज बाजारातल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये तशी सोय असते. रोजच्या कामात फरक जाणवत नाही. आपल्या लॅपटॉपला स्लो करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांची नावं मी इथे घेत नाही. आणि गंमत बघा, खिशातला फोन तर एन्क्रिप्टेड आहेच! २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनना ते सक्तीचं आहे. आयफोनमध्ये त्याही आधीपासून आहे. म्हणजे फोन तिजोरीत आणि त्याच्या दसपट कागदपत्रं असलेला लॅपटॉप ओट्यावर!

"किल्ली हरवली तर?" ही शंका मात्र शंभर टक्के रास्त आहे, आणि ती हसण्यावारी नेणाऱ्याकडून सल्ला घेऊ नका. किल्ली गेली तर डेटा गेला. विंगमधला डॉक्टर येऊन काही करू शकत नाही. करू शकला असता तर चोरही करू शकला असता! विंडोजच्या बिटलॉकरमध्ये यासाठी ४८ आकडी रिकव्हरी की मिळते. ती कागदावर लिहा, दोनदा तपासा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत नाही, तर घरी रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवायला द्या. आईच्या कपाटाइतकी सुरक्षित जागा अजून कोणी बनवलेली नाही.

करायचं कसं? विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असतं. होम आवृत्ती असेल तर 'सेटिंग्ज'मधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' दिसतंय का ते बघा. काही जणांकडे ते आधीच चालू असेल. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केलं की ते आपोआप चालू होतं. यात एक मेख आहे. रिकव्हरी की त्या खात्यात जाते, आणि खातं दुकानदाराने घाईघाईत काढून दिलेलं असेल तर? मग एक दिवस हौसेने बायोसमध्ये काहीतरी बदलाल, किंवा शेजारी लिनक्स टाकायला जाल, आणि निळा स्क्रीन ४८ आकडे मागत उभा राहील. म्हणून आधी किल्ली शोधा, मग प्रयोग करा.

लिनक्सवाल्यांनी इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्शनचा पर्याय निवडावा. तिथे वापरतात त्या पद्धतीचं नाव 'लक्स'. साबणाशी संबंध नाही, पण स्वच्छ काम आहे. मॅकवर 'फाइलव्हॉल्ट' असतं. पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी 'व्हेराक्रिप्ट' फुकट मिळतं.

दोन मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हा लेख जाहिरात होईल. एक, एन्क्रिप्शन म्हणजे बॅकअप नव्हे. ते चोराला वाचू देत नाही, पण तुमचा बीईचा प्रोजेक्टही परत आणून देत नाही. त्यासाठी दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी हवीच, आणि तीही एन्क्रिप्ट केलेली. दोन, मशीन चालू असताना किल्ली रॅममध्ये असते. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की वीज गेल्यावरही रॅममधला मजकूर थोडा वेळ टिकतो आणि त्यातून किल्ली काढता येते. आपल्या चोराकडून एवढ्या अभ्यासाची अपेक्षा नाही, पण झाकण मिटून स्लीपवर ठेवलेल्या मशीनपेक्षा बंद केलेलं मशीन केव्हाही बरं. सुट्टीला गावी जाताना, एसटीत, रेल्वेत, शटडाउन करूनच निघा. आणि लॉगिन करून उघडा टाकलेला लॅपटॉप, किंवा आपणच क्लिक करून आत घेतलेला व्हायरस, यावर एन्क्रिप्शनकडे काहीच औषध नाही.

शेवटी थोडं सर-मॅडमविषयी, आदर ठेवूनच. आमच्या लॅपटॉपमध्ये एका वर्गाची माहिती असेल, तर तुमच्या लॅपटॉपमध्ये आणि त्याहून जास्त तुमच्या पेनड्राइव्हमध्ये कित्येक बॅचची असते. इंटर्नलचे मार्क, पालकांचे नंबर, मेडिकल सर्टिफिकेटं, कधी उद्याची प्रश्नपत्रिकासुद्धा. तोच पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात लागतो आणि कधी कधी तिथेच राहतो. आता तर कायदाही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माहितीची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले, त्यात सुरक्षेच्या उपायांमध्ये एन्क्रिप्शनचा नावाने उल्लेख आहे, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. दंडाच्या भीतीने करू नये हे खरं, पण भीतीने झालं तरी चालेल!

माझ्या सूचना साध्या आहेत आणि त्यांना बजेट लागत नाही. हॉस्टेलच्या प्रवेशाच्या वेळी आपण लॅपटॉपचा मेक आणि सिरीयल नंबर लिहून घेतोच, तिथे 'डिस्क एन्क्रिप्ट केली आहे का' हा आणखी एक रकाना घाला. सेमच्या पहिल्या आठवड्यात कॉम्प्युटर आणि आयटीच्या मुलांनी कॉमन रूममध्ये एक संध्याकाळ बसावं आणि ज्यांना जमत नाही त्यांना करून द्यावं. मी बसायला तयार आहे, चहाची सोय तेवढी करा. डिपार्टमेंटच्या प्रत्येक मशीनची रिकव्हरी की बंद पाकिटात एचओडींकडे राहावी, म्हणजे कोणी बदली होऊन गेलं तरी काम अडणार नाही. आणि मार्कांची फाइल उघड्या पेनड्राइव्हवर न्यायची नाही, एवढा एक नियम सगळ्यांनी पाळावा.

आपण इंजिनिअर होणार आहोत. उद्या कोणी बँकेचं सॉफ्टवेअर लिहील, कोणी हॉस्पिटलचं, कोणी सरकारचं. लाखो लोकांची माहिती आपल्या हाताखालून जाईल आणि त्यांतल्या एकालाही आपण ओळखत नसू. त्यांची काळजी घ्यायची सवय तेव्हा अचानक लागणार नाही. ती आज, शेजारच्या बेंचवरच्या मुलामुलींचे नंबर आणि फोटो सांभाळतानाच लागली तर लागेल. तेव्हा आज रात्री मेसमधून आलात की पिक्चर लावण्याआधी तेवढं सेटिंग्ज उघडून बघा. आणि हो, आधी कागद-पेन घेऊन बसा. ४८ आकडे आहेत!